गावसकर, सुनील मनोहर

गावसकर, सुनील मनोहर : (१० जुलै १९४९– ). विख्यात भारतीय क्रिकेटपटू, भारतीय संघाचे माजी कर्णधार, क्रीडालेखक व दूरचित्रवाणीवरील समालोचक. कसोटी सामन्यांत दहा हजार धावांचा टप्पा गाठणारे ते जगातील पहिले फलंदाज होत. १९८७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी समालोचन हे आपले प्रमुख कार्यक्षेत्र मानले आणि कसोटी खेळाडू म्हणून घालविलेल्या काळाच्या दुपटीहून अधिक काळ ते या क्षेत्रात राहिले. याच काळात भारतातील क्रिकेटचे प्रक्षेपण शासकीय मक्तेदारीतून खुल्या बाजारपेठेत आले. या स्थित्यंतराचे टप्पे त्यांच्या कारकीर्दीत स्पष्ट दिसतात. त्याचबरोबर, खेळाचा जाणकार ज्यांच्याकडून मानधन घेतो त्यांच्याविषयी कितपत मोकळेपणाने बोलू शकतो, हा प्रश्नही तिच्यामुळे ऐरणीवर आला.

जन्म मुंबई येथे. मातोश्री मीनल यांचे बंधू माधव मंत्री हे भारताचे कसोटी यष्टिरक्षक. भारतीय संघाचा पोशाख मागून मिळत नाही, तो घाम गाळून मिळवावा लागतो, ही शिकवण मामांकडून लहानपणीच मिळाल्याचे गावसकरांनी लिहिले आहे. त्यांचे शिक्षण सेंट झेव्हिअर्स विद्यालयात व महाविद्यालयात झाले. शालेय व आंतरविद्यापीठ सामन्यांतील मोठ्या धावसंख्यांमुळे त्यांची मुंबईच्या रणजी संघात व तेथून १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी भारतीय संघात निवड झाली. या निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट होते. त्यांनीच आपल्या निर्णायक मताने अजित वाडेकर यांना कर्णधारपद दिले.

खेळाडू म्हणून कारकीर्द : बोटाच्या दुखण्यामुळे गावसकर पहिली कसोटी खेळू शकले नाहीत. उरलेल्या चार कसोटींत त्यांनी १५४·८० च्या सरासरीने ७७४ धावा केल्या. पोर्ट ऑफ स्पेन येथील अखेरच्या कसोटीत त्यांनी १२४ व २२० धावा काढल्या. भारताने वेस्ट इंडीजमध्ये प्रथमच कसोटी मालिका जिंकली. पुढील सोळा वर्षांत ते १२५ कसोटी सामने खेळले व ५१·१२ च्या सरासरीने १०,१२२ धावा आणि ३४ शतके अशी त्यांची कामगिरी झाली. यांपैकी १३ शतके त्या काळातील सर्वांत भेदक मानल्या गेलेल्या वेस्ट इंडीजविरुद्धची आहेत. १९७९ मध्ये ओव्हल येथे विजयासाठी ४३८ धावांचे लक्ष्य समोर असता त्यांनी २२१ धावा केल्या आणि भारताने ८ बाद ४२९ अशी मजल मारून सामना अनिर्णित राखला. डिसेंबर १९८३ मध्ये मद्रास येथे नाबाद २३६ धावा करून त्यांनी डॉन ब्रॅडमन यांचा २९ शतकांचा विक्रम मोडला. ७ मार्च १९८७ रोजी अहमदाबाद येथे पाकिस्तानविरुद्ध त्यांनी दहा हजारावी धाव घेतली. त्यांचा ३४ शतकांचा विक्रम डिसेंबर २००५ मध्ये सचिन तेंडुलकर यांनी मागे टाकला.

चेंडूवरील एकाग्रता, पायांची अचूक हालचाल आणि कोणता चेंडू सोडून द्यावा याची जाण, ही त्यांच्या फलंदाजीची बलस्थाने होत. आधुनिक शिरस्त्राण न वापरता त्यांनी द्रुतगती गोलंदाजीला तोंड दिले. कारकीर्दीच्या उत्तरार्धात मात्र ते टोपीखाली लहानसे संरक्षक कवच वापरीत. बंगलोर येथील शेवटच्या कसोटीत, चेंडू कमालीचा वळत असता, त्यांनी काढलेल्या ९६ धावा या तंत्राचा आदर्श मानल्या जातात. तो सामना मात्र भारताने १६ धावांनी गमावला.

त्यांनी ४७ कसोटींत नेतृत्व केले. त्यांपैकी ९ जिंकल्या, ८ हरल्या व ३० अनिर्णित राहिल्या. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भारताने त्यांच्या नेतृत्वाखाली जिंकली. त्यांच्या कारकीर्दीत वादाचे प्रसंगही आले. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात इंग्लंडच्या ३३४ धावांना उत्तर देताना ते ६० षटके खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले. १९८१ मध्ये मेलबर्न येथे पायचीत दिल्याच्या रागातून त्यांनी जोडीदार चेतन चौहान यांना मैदानाबाहेर नेण्याचा प्रयत्न केला. संघव्यवस्थापकांनी चौहानांना सीमारेषेवरच थांबविल्यामुळे सामना वाचला व पुढे भारताने तो जिंकला. खेळाडूंचे मानधन व त्यांना मिळणारी वागणूक यांविषयी ते खेळत असतानाच स्पष्टपणे बोलत. सनी डेज (१९७६) या आत्मकथनातील परखड मतेही बरीच गाजली. श्रोत्यांना पुढे समालोचनात ऐकू आलेला सडेतोडपणा त्यांच्या लेखनात अशा प्रकारे आधीच दिसतो.

समालोचनाची पूर्वपरंपरा : १९३० नंतरच्या दशकात मुंबईत ए. एफ. एस. तल्यारखान यांनी नभोवाणीवरील इंग्रजी धावत्या वर्णनाला लोकप्रियता मिळवून दिली. मराठीत बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटच्या परिभाषेला घरगुती वळण दिले. मुंबई-पुण्याच्या मैदानांवरील खेळ खानदेश-विदर्भातील गावांपर्यंत पोचला, तो प्रथम कानांनी. नामवंत खेळाडूने निवृत्तीनंतर श्रोत्यांशी नियमित संवाद साधावा, याचा ठळक पायंडा विजय मर्चंट यांनी विविध भारतीवरील आपल्या साप्ताहिक कार्यक्रमाने पाडला. नभोवाणीच्या वर्णनकाराला श्रोत्यासमोर सारे दृश्य शब्दांनी उभे करावे लागे. दूरचित्रवाणी आल्यावर दृश्य प्रेक्षकांना स्वतःलाच दिसू लागले आणि घडले ते का घडले, हे सांगणाऱ्या जाणकाराची गरज निर्माण झाली. ही गरज माजी खेळाडू भागवू शकत होता. गावसकरांची निवृत्ती नेमकी याच वेळी झाली.

प्रक्षेपणातील स्थित्यंतर : १९८२ नंतर रंगीत प्रक्षेपण व सहक्षेपण केंद्रांचे जाळे वाढले आणि १९८३ च्या विश्वविजयाने एकदिवसीय सामन्यांना मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला. तरीही प्रक्षेपण दूरदर्शनच्याच हाती होते व सामना दाखविण्यासाठी क्रिकेट नियामक मंडळालाच पैसे मोजावे लागत. १९९३ मध्ये मंडळाने व बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला प्रक्षेपणाचे हक्क विकल्यामुळे संघर्ष उभा राहिला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठाने निर्णय दिला, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्यावर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही. त्यानंतर उपग्रह वाहिन्यांमध्ये स्पर्धा सुरू झाली, प्रक्षेपण-हक्कांच्या किमती वाढत गेल्या आणि समालोचन हा स्वतंत्र व प्रतिष्ठेचा व्यवसाय बनला. खेळाडूंच्या व्यावसायिक हितसंबंधांचे व्यवस्थापन करणारी ‘प्रोफेशनल मॅनेजमेंट ग्रूप’ ही संस्था गावसकरांनी १९८५ मध्येच स्थापन केली होती. या बदलाची चाहूल त्यांना इतरांच्या आधी लागली, असे म्हणता येईल.

समालोचक : क्रीडावाहिन्यांवर हर्षा भोगले, रवी शास्त्री, जेफ्री बॉयकॉट, टोनी ग्रेग आदींच्या बरोबरीने त्यांनी समालोचन केले. फलंदाजाच्या उभे राहण्यातील, बॅटच्या पकडीतील वा तोलातील दोष थोडक्यात दाखवून देणे, हे त्यांचे वैशिष्ट्य. मुंबईच्या मैदानांवरील विनोद, नकला व किस्से यांची त्याला जोड असते. फलंदाजाने बाद होण्यापूर्वी संघाची स्थिती पाहिली होती काय, हा त्यांचा नेहमीचा निकष. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्न येथे ऋषभ पंत बेजबाबदार फटका मारून बाद झाला, तेव्हा त्यांनी प्रक्षेपणातच त्याची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. त्यांची सर्वच विधाने मान्य झाली असे नाही. मार्च २०२२ मध्ये शेन वॉर्न यांच्या निधनानंतर लगेचच त्यांच्या श्रेष्ठत्वाची तुलना केल्याबद्दल टीका झाली, तेव्हा ती वेळ योग्य नव्हती, असे त्यांनी मान्य केले.

हितसंबंधांचा प्रश्न : एकच व्यक्ती प्रशासक, स्तंभलेखक व समालोचक असावी काय, हा वाद गावसकरांच्या बाबतीत वारंवार उपस्थित झाला. ते आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या क्रिकेट समितीचे अध्यक्ष होते. इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांच्या वर्चस्वावर त्यांनी स्तंभातून टीका केल्यावर परिषदेने दोहोंपैकी एकाची निवड करण्यास सांगितले. २००८ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले व लेखन आणि समालोचन चालू ठेवले. आयपीएलच्या आरंभीच्या वर्षांत ते तिच्या नियामक परिषदेचे सदस्य होते. भारतीय नियामक मंडळाने पुढे समालोचकांना थेट स्वतःच्या करारावर घेतले, तेव्हा गावसकर व शास्त्री त्यांत होते. मंडळाचा पगारी समालोचक निवड, प्रशासन व गैरव्यवहार यांविषयी मौन पाळील, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. खेळाडूंच्या हक्कांसाठी मंडळाशी भांडलेल्या गावसकरांच्या बाबतीत तो अधिक बोचरा ठरला. उलटपक्षी, २८ मार्च २०१४ रोजी आयपीएलमधील गैरव्यवहारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या स्पर्धेपुरते मंडळाचे अंतरिम अध्यक्षपद त्यांच्याकडेच सोपविले. त्या काळात समालोचन बंद राहणार असल्याने मंडळाने त्यांना नुकसानभरपाई द्यावी, असेही न्यायालयाने सांगितले. प्रशासन व समालोचन एकाच वेळी करता येणार नाही, हे तत्त्व यातून स्पष्ट झाले. मात्र ज्या संस्थेचे सामने वर्णावयाचे तिच्याकडूनच वेतन घ्यावे काय, हा मूळ प्रश्न या आदेशाने सुटला नाही.

भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेच्या चषकाला १९९६ पासून ॲलन बॉर्डर व गावसकर यांची नावे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सिडनी येथे ऑस्ट्रेलियाने तो जिंकला, तेव्हा तो एकट्या बॉर्डर यांच्या हस्ते देण्यात आला. समालोचनासाठी मैदानावरच हजर असूनही आपणास बोलाविले गेले नाही, याबद्दल गावसकरांनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

अर्जुन पुरस्कार (१९७५), पद्मभूषण (१९८०) व नियामक मंडळाचा कर्नल सी. के. नायुडू जीवनगौरव पुरस्कार हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान. १९९४ मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते. आयडॉल्स (१९८३) व रन्स अँड रुइन्स (१९८४) हे त्यांचे इतर उल्लेखनीय ग्रंथ. विपन्नावस्थेतील माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंना साहाय्य करणारा ‘चॅम्प्स’ हा न्यास त्यांनी स्थापन केला. विख्यात फलंदाज गुंडप्पा विश्वनाथ हे त्यांचे मेहुणे. त्यांचे चिरंजीव रोहन यांनी एकदिवसीय सामन्यांत भारताचे प्रतिनिधित्व केले. निवृत्तीनंतर तेही समालोचनाकडे वळले.