आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा, २०२२ : म्हाळुंगे-बालेवाडीचे मैदान आणि विश्वचषकाची वाट

पुणे शहराच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यातील म्हाळुंगे आणि शेजारचे बालेवाडी या गावांच्या शिवारात श्री शिवछत्रपती क्रीडानगरी वसली आहे. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी ती उभारण्यात आली. पुढे २००८ची राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा आणि २०१३ची आशियाई मैदानी स्पर्धा येथेच पार पडली. २०२२च्या जानेवारी-फेब्रुवारीत या क्रीडानगरीने आशियातील राष्ट्रीय महिला फुटबॉल संघांची अजिंक्यपद स्पर्धा अनुभवली. काही संघांना येथून विश्वचषकाचे दार उघडले. यजमान भारताला मात्र येथवर पोहोचताच आले नाही.

स्पर्धेचे स्वरूप

आशियाई फुटबॉल महासंघाची ही विसावी महिला स्पर्धा. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी या काळात ती नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीतील मुंबई फुटबॉल अरेना आणि पुण्यातील ही क्रीडानगरी अशा तीन ठिकाणी झाली. आधी भुवनेश्वर व अहमदाबाद यांचीही निवड झाली होती; परंतु करोनाच्या साथीत संघांचा प्रवास कमी व्हावा म्हणून सर्व सामने महाराष्ट्रातच ठेवण्यात आले. सहभागी संघांची संख्या प्रथमच आठवरून बारावर नेण्यात आली. चार-चार संघांचे तीन गट होते. प्रत्येक गटातील पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरील दोन सरस संघ उपांत्यपूर्व फेरीत जाणार होते.

याच स्पर्धेतून २०२३च्या विश्वचषकासाठी आशियातील संघ ठरणार होते. ऑस्ट्रेलिया सहयजमान या नात्याने आधीच पात्र होता. त्याखेरीज पाच संघांना थेट प्रवेश होता. त्यामुळे उपांत्यपूर्व फेरीतील विजय म्हणजे विश्वचषकाचे तिकीटच होते.

यजमानांची माघार

भारताने सलामीला इराणशी गोलशून्य बरोबरी साधली. २३ जानेवारीला चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्यापूर्वी अनेक खेळाडूंना करोनाची लागण झाल्याचे स्पष्ट झाले. नियमानुसार आवश्यक असलेले किमान तेरा खेळाडू उपलब्ध न झाल्याने सामना होऊ शकला नाही. भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे मानण्यात आले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला. एकही सामना न हरता यजमान संघ बाहेर पडला.

पुण्यातील निर्णायक सामने

जपान, दक्षिण कोरिया, व्हिएतनाम व म्यानमार यांच्या गटातील बहुतेक सामने पुण्यात झाले. ३० जानेवारीला येथेच दक्षिण कोरियाने बलाढ्य ऑस्ट्रेलियाला १-० असे नमवले. ८७व्या मिनिटाला जी सो-युन हिने दुरून मारलेला फटका निर्णायक ठरला.

त्याच दिवशी फिलिपिन्स आणि चिनी तैपेई यांच्यातील लढत १-१ अशी बरोबरीत राहिली. पेनल्टी फटक्यांवर फिलिपिन्सने ४-३ अशी बाजी मारली. गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिचे बचाव आणि सरीना बोल्डेन हिचा अखेरचा फटका यांमुळे हा देश प्रथमच फुटबॉलच्या विश्वचषकास पात्र ठरला. पुरुष संघालाही तोवर हे साधलेले नव्हते.

३ फेब्रुवारीचे दोन्ही उपांत्य सामनेही पुण्यातच रंगले. दक्षिण कोरियाने फिलिपिन्सला २-० असे हरवले. गतविजेत्या जपानने चीनविरुद्ध दोनदा आघाडी घेतली. परंतु ११९व्या मिनिटाला वांग शानशान हिने २-२ अशी बरोबरी साधून दिली आणि पेनल्टी फटक्यांवर चीन ४-३ असा विजयी झाला.

अंतिम सामना ६ फेब्रुवारीला नवी मुंबईत झाला. मध्यंतराला दोन गोलांनी मागे असलेल्या चीनने ३-२ असा विजय मिळवून नववे विजेतेपद पटकावले. विजयी गोल भरपाईच्या वेळेत झाला. उपांत्यपूर्व फेरीत पराभूत झालेल्या संघांच्या फेरीतून व्हिएतनामनेही प्रथमच विश्वचषक गाठला.

पुढे काय झाले

फिलिपिन्सचे यश योगायोगाचे नव्हते. २५ जुलै २०२३ रोजी वेलिंग्टन येथे या संघाने सहयजमान न्यूझीलंडला १-० असे हरवून विश्वचषकातील आपला पहिला विजय नोंदवला. गोल करणारी खेळाडू सरीना बोल्डेनच होती.

भारताला मात्र नव्याने सुरुवात करावी लागली. २०२२मध्ये यजमान म्हणून थेट मिळालेली जागा या वेळी मैदानावर कमवायची होती. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई येथे थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे नमवून भारतीय महिलांनी ऑस्ट्रेलियातील २०२६च्या आशियाई स्पर्धेत स्थान मिळवले. नवी मुंबईत न खेळताच जे हातून निसटले होते, ते साडेतीन वर्षांनी खेळून परत मिळवले, हेच या यशाचे मोल.