बुखाऱ्यातली वीस डॉलरची खोली

मागच्या रविवारी कपाट आवरताना जुन्या पासपोर्टमधून एक चिठ्ठी पडली. अर्ध्या पोस्टकार्डाएवढी, वर निळा गोल शिक्का, माझं नाव आणि दोन तारखा. बायको ती कचऱ्यात टाकायला निघाली होती. "अगं थांब, ती बुखाऱ्याची आहे," म्हटलं आणि आवराआवर राहिली बाजूला. त्या हॉटेलबद्दल कधीपासून लिहायचं होतं. आज लिहून टाकतो.

२०१९च्या एप्रिलमध्ये मी उझबेकिस्तानात गेलो होतो, एकटाच. (निघताना काकूने विचारलं होतं, "तिथे बघण्यासारखं आहे तरी काय?" काकू, हे तुझ्यासाठी.) ताश्कंदहून निघालेली गाडी बुखाऱ्याला जात नाही. म्हणजे पाटीवर बुखारा असतं, पण ते गाव कागान, शहरापासून दहा-बारा किलोमीटर लांब. १८८८ साली रशियन रेल्वे इथे आली तेव्हा अमीराच्या दरबाराला हे धूर सोडणारं प्रकरण वेशीपाशी नको होतं, म्हणून स्टेशन लांब. त्याची किंमत मी टॅक्सीवाल्याला मोजली.

हॉटेल म्हणजे जुन्या शहरातल्या एका बोळातला वाडा. बाहेरून नुसती मातीच्या गिलाव्याची भिंत आणि एक बुटकं लाकडी दार. एकही खिडकी नाही. मला वाटलं, चुकलो. आत गेलो तर चौक, चौकात जर्दाळूचं झाड, एका बाजूला नक्षीदार लाकडी खांबांचा उंच ओटा आणि सगळ्या खोल्यांची तोंडं चौकाकडे. कोकणस्थ माणसाला चौसोपी वाड्याचं कौतुक ते काय सांगायचं! पण रस्त्याकडे पूर्ण पाठ फिरवलेलं घर मी पहिल्यांदाच बघत होतो.

खोलीला वीस डॉलर, नाश्त्यासकट. नळाला गरम पाणी यायला सात मिनिटं लागायची (मोजली). पलंग मध्ये खोलगट. पण तीन भिंतींवर छतापर्यंत गिलाव्यात कोरलेले कोनाडे होते, निळ्या-तांबड्या फुलांनी रंगवलेले, काही ठिकाणी रंग उडालेला. वीस डॉलरात असली खोली का मिळते हा प्रश्न मला त्या रात्री पडला नाही. स्वस्तात काही मिळालं की आपण कारण विचारत नाही.

मालक साठीचे. त्यांना सगळे 'अका' म्हणायचे, म्हणजे थोरला भाऊ. आपल्याकडे अक्का म्हणजे थोरली बहीण, त्यामुळे पहिला दिवस मी चाचरतच होतो. अकांची भाषा ताजिक, बुखाऱ्यात घरोघरी तीच. त्यांची मुलगी इंग्रजी बोलायची, आणि ती नसली की आमचं शब्दाशब्दांवर चालायचं. नान, चाय, पियाला, हिसाब, मेहमान. हॉटेलला तिथला शब्दच मुळी मेहमानखाना. पूर्वी प्रत्येक बऱ्या घरात पाहुण्यांची सगळ्यात सजवलेली एक खोली असायची, तिलाही हेच नाव.

पासपोर्ट घेऊन अकांनी संगणकावर माझी माहिती भरली. परदेशी माणसाने कुठे रात्र काढली याची नोंद तिथे व्हावीच लागते आणि ती करायची जबाबदारी हॉटेलवाल्याची. जन्मस्थान वाचून ते थांबले. "कल्याण?" मी मान हलवली. ते उठले, मला दाराबाहेर नेलं आणि छपरांच्या वर दिसणाऱ्या मिनाराकडे बोट दाखवून हसायला लागले. बुखाऱ्याचा तो सुप्रसिद्ध मिनार, ११२७ सालचा, सुमारे ४६ मीटर उंच, त्याचं नावच कल्याण मिनार! 'कलान' म्हणजे थोर, त्याचं रशियन वळणाने झालेलं 'कल्यान' गाइडबुकांनी उचललं. चार दिवस मी त्या घरात 'कल्याण' याच नावाने ओळखला गेलो. लोकलमध्ये उभं राहून आयुष्य काढलेल्या माणसाला याहून मोठा सन्मान नसावा.

आता थोडा इतिहास. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी खालचे दोन-तीन परिच्छेद सोडले तरी चालेल, पण मग शेवट कळणार नाही.

बुखारा हे मुक्कामाचं गाव. चीन, इराण, हिंदुस्थान, रशिया यांच्या वाटा इथे मिळायच्या, त्यामुळे गावभर सराया. हॉटेलपासून पाच मिनिटांवर ल्याबी-हौज नावाचा तलाव आहे. तो १६२०च्या सुमारास नादिर दिवानबेगी या वजिराने बांधवला. त्यानेच तलावाच्या पूर्वेला १६२२-२३ मध्ये एक झकास सराई उभारली, दर्शनी कमानीवर पक्षी आणि माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य. उद्घाटनाला इमामकुली खान आला आणि म्हणाला, वा, काय सुंदर मदरसा! आता खानाचं बोलणं चुकीचं कसं ठरवायचं? झाला मदरसा. विद्यार्थ्यांच्या खोल्या वाढवल्या, पण शिकवायचा दिवाणखाना काही धड जमला नाही, असं म्हणतात. पुढच्या काळात याच्या उलट घडलं. खिव्यात १९व्या शतकातल्या मुहम्मद अमीन खानाच्या मदरशाचं हॉटेल झालं आणि विद्यार्थ्यांच्या कोठड्यांत पर्यटक झोपायला लागले.

पण कोण कुठे झोपणार हे सराईच्या सोयीवर नव्हतं, हुकमावर होतं. १८३२च्या जूनमध्ये अलेक्झांडर बर्न्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी बुखाऱ्यात आला, सोबत मोहनलाल काश्मिरी हा दिल्लीचा तरुण मुन्शी. शहरात शिरल्यावर बर्न्सला फेटा उतरवून मेंढीच्या कातड्याची टोपी घालावी लागली आणि कंबरेचा शेला सोडून साधी ताग-सुतळीची पट्टी बांधावी लागली. शहरात घोड्यावर बसायचं नाही, पायी हिंडायचं. बिगरमुसलमानांना तिथे हाच कायदा होता. गावातल्या ज्यूंनाही कंबरेला दोरी आणि घोड्याला बंदी.

बर्न्सला तिथे सुमारे तीनशे हिंदू भेटले. ते सगळे आपल्या एका वेगळ्या सराईत राहत. देऊळ बांधायचं नाही, मूर्ती मांडायची नाही, मिरवणूक काढायची नाही, वेगळा पोशाख घालायचा, आणि माणशी वर्षाला चार ते आठ रुपये जिझिया. बदल्यात जिवाला आणि मालाला संरक्षण. बायकामुलं सोबत नाहीत. वर्षानुवर्षं एका खोलीत राहून पैशांची देवघेव करायची, हुंड्या वटवायच्या आणि मग घरी परतायचं. बुखाऱ्याच्या बाजारातल्या एका घुमटाचं नाव आजही तोकी सर्राफोन आहे, सराफांचा घुमट. मी त्याच्याखाली उभा राहून लोकरी टोप्यांचे भाव करत होतो.

यातले बहुतेक लोक एकाच गावचे होते, सिंधमधल्या शिकारपूरचे. शिकारपूरचे शेठ घरी बसून भांडवल पुरवत आणि गुमास्ते बोलन खिंडीतून कंदाहार, मग पुढे बुखारा-समरकंदपर्यंत जात. (आपण दुकानाच्या परवान्याला 'गुमास्ता' म्हणतो, तोच हा गुमास्ता.) शंभरावर वर्षं हे चाललं. रशियन अंमलात सावकारीवर निर्बंध आले, तरी टिकले. मग १९१७ची क्रांती झाली. रुबलची रद्दी झाली, कर्जं बुडाली, आणि १९२०च्या सप्टेंबरात लाल सेनेने बुखाऱ्यावर तोफा डागल्यावर अमीरही पळाला. सराईतली माणसं जमेल तशी घरी पोहोचली. नंतर त्यांनी ब्रिटिश सरकारकडे नुकसानभरपाईचे अर्ज केले. क्लोद मार्कोवित्स या फ्रेंच इतिहासकाराचं सिंधी व्यापाऱ्यांवर पुस्तक आहे, त्यात हे सगळं तपशिलात आहे. जरूर वाचा.

आणि त्यानंतर जेमतेम सत्तावीस वर्षांनी शिकारपूरही सुटलं.

इथे मला थांबावं लागतं, कारण पुढची गोष्ट आमच्या दारातली आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर माणसांना कल्याणजवळच्या लष्कराच्या छावणीत, युद्धकाळात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी तिथे कोनशिला बसवली आणि गावाला नाव मिळालं उल्हासनगर. पण कल्याणात त्याला उल्हासनगर कोण म्हणतं? आम्ही म्हणतो कॅम्प. "कॅम्पात जाऊन कापड घे, स्वस्त मिळेल." मीही आयुष्यभर तेच म्हणत आलो. माणसं तिथे जन्मली, म्हातारी झाली, मेली, आणि आम्ही त्यांच्या घराला अजून छावणी म्हणतो. हे मला बुखाऱ्यात, जर्दाळूच्या झाडाखाली उकडलेलं अंडं सोलताना जाणवलं. कल्याणात नाही जाणवलं.

त्याला कारण अकांनी सांगितलेली गोष्ट. तिसऱ्या दिवशी खोलीतल्या वरच्या कोनाड्यात मला नक्षीत काही अक्षरं दिसली. अरबी नव्हती. नाश्त्याला विचारलं तर अका म्हणाले, हिब्रू. हे घर ज्यू व्यापाऱ्याचं होतं. सगळा मोहल्लाच त्यांचा. त्या ल्याबी-हौजचीही एक दंतकथा आहे: तलावासाठी हवी ती जागा एका ज्यू विधवेची होती, ती विकेना, तेव्हा वजिराने तिच्या घराच्या पायाशी कालवा खणला. घर खचायला लागल्यावर तिने पैसे नाकारून सिनेगॉगसाठी जागा मागून घेतली. खरंखोटं देव जाणे, पण मोहल्ल्यात सिनेगॉग अजून चालू आहे आणि पलीकडे दफनभूमीत हजारो थडगी आहेत. माणसं मात्र फार थोडी. १९७०च्या दशकात जायला सुरुवात झाली आणि सोव्हिएत संघ मोडला तेव्हा घरंच्या घरं गेली, काही इस्रायलला, काही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात. आपले रायगडातले बेने इस्रायल गेले तसेच, फक्त इथे अधिक घाईने. सगळा मोहल्ला एकदम विकायला निघाल्यावर भाव काय येणार? शेजाऱ्यांनी घेतली घरं. पुढे पर्यटक यायला लागले आणि मोठे चौक, पुष्कळ खोल्या असलेल्या या वाड्यांचे मेहमानखाने झाले. वीस डॉलरात नक्षीदार कोनाडे का, याचं उत्तर हे.

अका म्हणाले, त्यांनी ९०च्या दशकात शेजाऱ्याकडून घेतलं. भांडून नाही, लुबाडून नाही. दोघांनी चाय घेतली, किल्ल्या दिल्या. पण किंमत सांगताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. "त्यांनी जास्त मागितले नाहीत," एवढंच म्हणाले.

मग काही वर्षांपूर्वी त्या घरातली एक बाई आली, न्यूयॉर्कहून, मुलाबरोबर. सत्तरीची. माझीच खोली मागितली. तो तिच्या वडलांचा मेहमानखाना होता. लहानपणी मुलांना तिथे यायची परवानगी नसे, ती म्हणे दारातून डोकवायची. अकांनी पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. ती ऐकेना. "हॉटेल आहे ना? मग हॉटेलसारखं," म्हणाली. आणि कायदा कायदा असतो, परदेशी पासपोर्ट म्हणजे नोंद करायलाच हवी. नाव, देश, जन्मस्थान. मुलगी भरत होती. जन्मस्थानाच्या रकान्याशी तिचा हात थांबला आणि ती वडलांकडे बघायला लागली. बाई म्हणाल्या, लिही गं, बुखारा. निळा शिक्का मारून त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. ती त्यांनी दोनदा वाचली आणि नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली.

निघताना माझीही चिठ्ठी अकांच्या मुलीने तशीच दिली. मी ती पासपोर्टात खुपसली, कारण विमानतळावर कोणी मागितली तर पंचाईत नको. कोणी मागितली नाही.

परत आल्यावर एका शनिवारी उल्हासनगरला गेलो. तिथे आमचे नेहमीचे कापड दुकानदार आहेत, त्यांच्याकडून माझ्या मुंजीपासूनचं कापड आलंय. ते शिकारपुरी आहेत हे मला माहीत होतं, पण त्यापुढे काही विचारायचं तीस वर्षांत सुचलं नव्हतं. बुखाऱ्याला जाऊन आलो म्हटल्यावर त्यांनी ताग्याची घडी घालणं थांबवलं. त्यांच्या आजोबांचे वडील बुखाऱ्यात होते, असं घरात बोललं जायचं. अकरा वर्षं. परत आले तेव्हा धाकटा मुलगा त्यांना ओळखेना, एवढी एकच गोष्ट खाली आलेली.

"ती सराई आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सराया दोन-चार बघितल्या, त्यातली नेमकी कुठली ते काही सांगता येत नाही. मोबाइलवर खोलीचे फोटो दाखवले. कोनाडे त्यांनी बोटांनी मोठे करून करून बघितले.

"एवढी चांगली खोली त्यांना नसणार," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "भाडं किती पडलं?"

वीस डॉलर, नाश्त्यासकट, म्हटलं.

"चांगलं आहे," म्हणाले, आणि मला तीन मीटर पॉपलिन मोजून दिलं.