एलीया येऊन गेला की यायचाय? रायगडमधल्या एका खडकावरून समजून घ्या बायबलमधल्या 'शेवटच्या काळा'चा वाद

इस्राएल आणि इराणमध्ये क्षेपणास्त्रं उडायला लागली की इकडे व्हॉट्सॲपवर ठरावीक मेसेज फिरायला लागतात. बायबलमध्ये हे सगळं आधीच लिहून ठेवलंय, यहेज्केलच्या पुस्तकात पारस देशाचं नाव आहे, पारस म्हणजेच इराण, त्यामुळे जगाचा शेवट जवळ आलाय, असा एकूण सूर असतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधून पाच लाल कालवडी इस्राएलला पाठवल्या गेल्या, तेव्हाही हेच झालं. जुन्या करारात शुद्धीकरणाच्या विधीसाठी लाल कालवड लागते. त्यामुळे आता यरुशलेमचं मंदिर पुन्हा उभं राहणार आणि मग शेवट येणार, असा हिशेब लोकांनी मांडला.

पण खुद्द ख्रिस्ती धर्मातच एक प्रवाह असा आहे, जो म्हणतो की थांबा, तुम्ही ज्याची वाट बघताय ते बरंचसं १९०० वर्षांपूर्वीच होऊन गेलंय.

हा वाद नेमका काय आहे, हे समजून घ्यायला यरुशलेमला जायची गरज नाही. अलिबागजवळच्या खंडाळे गावात गेलं तरी चालतं.

खडकावरच्या खुणा कुणाच्या?

खंडाळ्यात एक खडक आहे. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू त्याला 'एलियाहू हन्नवीचा टापा' म्हणतात. एलियाहू हन्नवी म्हणजे एलीया संदेष्टा. तो इथे आला होता आणि इथूनच रथातून स्वर्गात गेला, खडकावरच्या खुणा त्याच्या घोड्यांच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे.

आता एलीयाचा आणि जगाच्या शेवटाचा काय संबंध? तर बायबलच्या जुन्या करारातल्या गोष्टीप्रमाणे एलीया मेलाच नाही. अग्नीचा रथ आला आणि तो वावटळीतून जिवंत स्वर्गात गेला. मग मलाखीच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी असं भाकीत येतं की देवाचा तो मोठा, भयंकर दिवस उगवण्याआधी देव एलीयाला पाठवेल. म्हणजे एलीया आला की समजायचं, शेवट जवळ आला.

ज्यू आजही त्याची वाट बघतात. वल्हांडण सणाच्या जेवणात त्याच्यासाठी वेगळा प्याला भरून ठेवण्याची पद्धत जगभरच्या ज्यूंमध्ये आहे.

ख्रिस्ती धर्मात मात्र इथेच दोन वाटा फुटतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो की एलीया येऊन गेलाय, लोकांनी त्याला ओळखलं नाही. तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल बोलतोय हे शिष्यांच्या लक्षात येतं. म्हणजे भाकीत पूर्ण, विषय संपला. पण योहानाच्या शुभवर्तमानात त्याच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात की तू एलीया आहेस का, तर तो सरळ नाही म्हणतो. शिवाय मत्तयाच्या त्याच उताऱ्यात एलीया येऊन सगळं सुधारेल, असं भविष्यकाळी वाक्यही आहे. मग काही जण म्हणतात, योहान हा एलीयाच्या बाण्याने आलेला माणूस होता, खरा एलीया अजून यायचाय. प्रकटीकरणाच्या ११ व्या अध्यायात जे दोन साक्षीदार येतात, त्यातला एक तोच.

सगळा वाद थोडक्यात असा आहे. मजकूर एकच आहे, आणि एकाला त्यात 'झालं' दिसतं, दुसऱ्याला 'व्हायचंय'.

'झालं' म्हणणाऱ्यांची बाजू

या मताला प्रिटेरिझम म्हणतात. लॅटिनमधल्या 'होऊन गेलेलं' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडलं. त्यांचा सगळ्यात मोठा आधार मत्तयाचा २४ वा अध्याय. येशू यरुशलेमच्या मंदिराकडे बघून सांगतो की इथे दगडावर दगड राहणार नाही. पुढे युद्धं, दुष्काळ, भूकंप अशी लक्षणं सांगतो, आणि मग म्हणतो की हे सगळं झाल्याशिवाय ही पिढी सरणार नाही.

ही पिढी म्हणजे कोणती? प्रिटेरिस्ट म्हणतात, समोर बसलेली. दुसरी कुठली असणार? येशूचा काळ साधारण इसवी सन ३० चा. त्यानंतर ४० वर्षांनी, इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने यरुशलेमला वेढा घालून मंदिर जमीनदोस्त केलं. मंदिरातली सात फांद्यांची दीपवृक्षासारखी समई रोमन सैनिक लुटून नेताना रोममधल्या टायटसच्या कमानीवर आजही कोरलेले दिसतात. जोसेफस हा त्या युद्धात आधी रोमनांविरुद्ध लढलेला आणि नंतर त्यांच्याच छावणीत राहिलेला ज्यू इतिहासकार. त्याने वेढ्यातल्या उपासमारीचं वर्णन करून ठेवलंय. लूकच्या शुभवर्तमानात तर यरुशलेमला फौजांचा वेढा पडलेला दिसला की डोंगराकडे पळा, अशी सूचनाच आहे.

प्रकटीकरणातला बदनाम आकडा ६६६ सुद्धा ते असाच सोडवतात. हिब्रूत अक्षरांना आकड्यांची किंमत असते. 'नेरोन कैसर' म्हणजे सम्राट नीरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ ऐवजी ६१६ आहे. नावातला शेवटचा 'न' काढून 'नेरो' केलं की ५० कमी होतात आणि बरोबर ६१६ उरतात. आधार कार्ड, लस, बारकोड यांत ६६६ शोधणाऱ्यांनी एकदा हा हिशेब करून बघायला हरकत नाही.

पण या मतालाही एक अडचण आहे. प्रकटीकरणाचं पुस्तक नक्की कधी लिहिलं गेलं? दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियस सांगतो की ते डोमिशियन सम्राटाच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे इसवी सन ९५ च्या सुमारास. तसं असेल तर ७० सालच्या घटनेचं भाकीत ९५ मध्ये कसं होणार? म्हणून प्रिटेरिस्ट पुस्तकाचा काळ मागे, नीरोच्या आसपास नेतात. बहुतेक अभ्यासक अजूनही ९५ च्या बाजूला आहेत.

यात दोन गट आहेत आणि त्यांच्यातला फरक मोठा आहे. अंशतः मानणारे म्हणतात, यरुशलेमबद्दलची भाकितं पूर्ण झाली, पण येशूचं पुन्हा येणं, मेलेल्यांचं उठणं, शेवटचा न्याय हे बाकी आहे. पूर्णतः मानणारे म्हणतात की सगळंच ७० साली झालं. या दुसऱ्या गटाला जवळजवळ सगळी मुख्य चर्चेस पाखंडी ठरवतात. कारण येशू न्याय करायला पुन्हा येईल, हे प्रत्येक मोठ्या चर्चच्या विश्वासाच्या कबुलीतच आहे, मग ते कॅथलिक असो की चर्च ऑफ नॉर्थ इंडिया.

'व्हायचंय' हे मत कुठून आलं?

गंमत म्हणजे आजच्या दोन्ही मतांची पद्धतशीर मांडणी स्पेनमधल्या जेझुइट पाद्र्यांनी केली. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट लोक पोपलाच ख्रिस्तविरोधक म्हणत होते. त्याला उत्तर म्हणून फ्रान्सिस्को रिबेराने १५९० च्या सुमारास सांगितलं की ख्रिस्तविरोधक भविष्यात यायचाय. त्याच्याच पंथातल्या लुईस दे अल्काझारचा ग्रंथ १६१४ मध्ये आला आणि त्याने सांगितलं की प्रकटीकरणातलं बहुतेक सगळं पहिल्या काही शतकांतच होऊन गेलं. दोघांची उत्तरं एकमेकांच्या उलट होती, पण पोप दोन्हींत सुटला.

भविष्यवादी मताला आजचं रूप दिलं ते १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बीने. १९०९ मध्ये आलेल्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांमधून ते अमेरिकेत घरोघरी पोचलं. या मतात ज्यू लोकांचं आपल्या भूमीत परतणं हा घड्याळाचा मुख्य काटा आहे.

सावित्रीच्या खाडीतून आलेलं बायबल

कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनवर उतरून महाडकडे निघालं की दासगावपाशी सावित्रीची खाडी लागते. हीच सावित्री पुढे बाणकोटला समुद्राला मिळते. १८२० च्या दशकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी कोकणातलं काम सुरू केलं ते याच बाणकोटला आणि हर्णैला. मुंबईत अमेरिकन मिशनरी त्याआधीच, १८१३ मध्ये आले होते. त्यातल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूवेल यांनी मुंबईतून लिहिलेलं पुस्तक १८१८ मध्ये अमेरिकेत छापलं गेलं. साठ कोटी लोकांपर्यंत शुभवर्तमान पोचवणं चर्चला कसं शक्य आहे, याचा हिशेब त्यात होता. जग बुडणार आहे म्हणून पळा, असा त्या पिढीचा सूर नव्हता. धर्मप्रसार होत होत जग सुधारेल आणि मग प्रभूचं राज्य येईल, असं त्यांच्यातल्या अनेकांना वाटायचं.

या मिशनऱ्यांना कोकणात भेटले शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणजे 'शनवार तेली'. हेच बेने इस्राएल. ही बायबलमधली हरवलेली दहा कुळं तर नव्हेत, अशी चर्चा सुरू झाली. हरवलेली कुळं सापडणं हेही शेवटच्या काळाचं लक्षण मानलं जात होतं, हे लक्षात घ्या. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. धर्मांतरं फारशी झाली नाहीत, पण बेने इस्राएलांना आपलंच धर्मशास्त्र मराठीत वाचायला मिळालं.

त्यांची स्वतःची कथा अशी की अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या मते हे पूर्वज इसवी सन पूर्व १७५ च्या सुमारास, अँटायोकस एपिफानेस या राजाच्या काळात निघाले. याला लेखी पुरावा नाही आणि इतिहासकारांत मतभेद आहेत. पण योगायोग बघा. दानीएलच्या पुस्तकात मंदिर विटाळणारा जो राजा येतो, तो हाच अँटायोकस, असं बहुतेक आधुनिक अभ्यासक मानतात. त्याने इसवी सन पूर्व १६७ मध्ये मंदिर भ्रष्ट केलं होतं. म्हणजे दानीएलचं ते भाकीतही 'झालेल्या'त जमा. आणि तरी येशू मत्तयाच्या २४ व्या अध्यायात तोच विटाळ पुढे व्हायचाय असं बोलतो. भविष्यवादी यावर म्हणतात, बघा, एक भाकीत दोनदा पूर्ण होऊ शकतं, मग तिसऱ्यांदा का नाही?

महाराष्ट्रात असं 'पुन्हा पूर्ण होणं' लोकांनी अनुभवल्याचंही उदाहरण आहे. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनांचं मोठं जागरण झालं. शेवटच्या दिवसांत मुलामुलींवर देवाचा आत्मा ओतला जाईल, हे योएलचं भाकीत पहिल्या शतकातच पूर्ण झालं, असं पेत्राने सांगितलेलं आहे. मुक्तीतल्या लोकांना ते आपल्या डोळ्यांसमोर परत घडताना दिसलं.

मग १९४८ उजाडलं

इस्राएल देश स्थापन झाला आणि भविष्यवाद्यांना वाटलं, हाच तो पुरावा. ज्यू परतले. या परतणाऱ्यांत रायगडचे लोकही होते. तेव्हा भारतात वीस हजारांच्या घरात बेने इस्राएल होते, पुढच्या काही दशकांत त्यातले बहुतेक गेले. कुणी श्रद्धेने, कुणी नोकरीसाठी, कुणी नातेवाईक गेले म्हणून.

तिथे काय झालं, हे मात्र भाकितांच्या पोस्टमध्ये सापडत नाही. भेदभावाला कंटाळून काहींनी धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणाले, आणि १९५२ मध्ये काही कुटुंबं खरंच परत आली. परतणाऱ्या ज्यूंनी परत जायची मागणी करावी, हे कुठल्याच तक्त्यात बसत नव्हतं. पुढे तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्राएलांच्या लग्नांवर अटी घातल्या. आधी पूर्वजांची चौकशी, मग लग्न. अनेक शतकं शनिवार पाळलेल्या लोकांना तुम्ही खरे ज्यू का, असं विचारलं गेलं. १९६४ पर्यंत आंदोलन चाललं, तेव्हा कुठे त्यांना सर्व बाबतींत ज्यू मानल्याचं जाहीर झालं.

म्हणून हा वाद फक्त पाद्र्यांचा नाही. 'व्हायचंय' म्हणणाऱ्या अनेकांच्या लेखी ज्यू माणूस भाकिताचा पुरावा होतो, आणि त्यावरून अमेरिकेत मतं मागितली जातात, इस्राएलला देणग्या जातात. 'झालं' म्हणणाऱ्यांवर उलटा आरोप होतो. ७० सालीच देवाने ज्यूंचा हिशेब संपवला, असं मानलं की पुढच्या काळातल्या ज्यूद्वेषाला खतपाणी मिळतं. दोन्हीकडचे समंजस लोक हे धोके मान्य करतात.

भूकंप-महापुरांच्या लक्षणांचंही तसंच. महाड तालुक्यापुरतं बघितलं तरी जुलै २००५ मध्ये दासगाव आणि जुई, २२ जुलै २०२१ ला तळिये. तळियेत दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसं गेली. लक्षणं मोजायची म्हटली तर कुठल्याही पिढीला कमी पडलेली नाहीत. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी असंच मोजून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख काढली होती. आपल्याकडे फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रही योगाला यज्ञ झाले होते. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला.

खंडाळ्याच्या खडकापाशी इस्राएलमधून आलेली मराठी ज्यू कुटुंबं आजही येतात. नवस फेडायचा तर मलिदा करतात. गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा आणि फळं असं ताट असतं आणि प्रार्थनेत एलियाहू हन्नवीचं नाव घेतलं जातं. त्यांच्या हिशेबात तो इथे येऊन गेलाय, आणि मशीहाच्या आधी पुन्हा यायचाय.