अंगप्रमाण व अस्थिदीर्घीकरण

मनुष्यदेहाच्या अवयवांच्या लांबीरुंदीचे परस्परांशी व एकंदर उंचीशी जे नाते असते त्यास अंगप्रमाण म्हणतात; आणि मांडीचे किंवा नडगीचे हाड शस्त्राने छेदून, त्याची दोन्ही टोके दिवसागणिक किंचित दूर सारीत, मधल्या पोकळीत नवे हाड उत्पन्न करून पाय लांब करण्याची जी क्रिया तिला अस्थिदीर्घीकरण अशी संज्ञा आहे. अपघाताने आखूड झालेला किंवा जन्मतः तोकडा असलेला पाय दुसऱ्याच्या बरोबरीस आणणे हे तिचे मूळ प्रयोजन. धडधाकट मनुष्याने केवळ उंचीच्या हौसेने ती करवून घेण्याचा प्रघात अलीकडचा आहे. पहिल्या विषयाचा विचार केल्यावाचून दुसऱ्याची मीमांसा होऊ शकत नाही, म्हणून येथे त्यास अधिक जागा दिली आहे.

देशी मान. मराठीत देहाला ‘साडेतीन हातांचा’ म्हणण्याची जी जुनी रूढी आहे, आणि संतवाङ्मयात ज्याचे ‘औट हात’ असे रूप आढळते, ती केवळ अलंकारिक नाही. एका हातास चोवीस अंगुळे धरली असता साडेतीन हातांची ८४ अंगुळे होतात, आणि चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात समप्रमाण पुरुषाची उंची नेमकी एवढीच सांगितली आहे. हे अंगुळ ज्याचे त्याच्या बोटाचे. कोणा राजाच्या किंवा सरकारी गजाचे नव्हे. साहजिकच ठेंगणा मनुष्य ठेंगणा असूनही ‘सम’ ठरू शकतो. याच ठिकाणी चरकाने आयाम आणि विस्तार, म्हणजे उभी उंची आणि दोन्ही बाहू पसरल्यावरची रुंदी, ही सारखी असावीत असे म्हटले आहे. पोटरी (जंघा) १८ अंगुळे, गुडघा ४ आणि मांडी १८, अशी पायाची वाटणी तो देतो. मांडी पोटरीइतकीच लांब असावी हे सुश्रुतासही मान्य आहे.

एकूण उंचीविषयी मात्र ग्रंथांत एकवाक्यता नाही. सुश्रुत सूत्रस्थानाच्या पस्तिसाव्या अध्यायात १२० अंगुळे सांगतो, आणि हे माप बाहू उंचावून उभ्या राहिलेल्या पुरुषाचे समजावे असा टीकाकारांचा अर्थ आहे. ज्योतिषी वराहमिहिर बृहत्संहितेतील पुरुषलक्षणात १०८ अंगुळांचा पुरुष उत्तम, ९६ अंगुळांचा मध्यम आणि ८४ अंगुळांचा हीन मानतो. म्हणजे वैद्याच्या दृष्टीने जो सम, तो ज्योतिष्याच्या दृष्टीने हीन. वैद्य रोग्याचे आयुष्य व बल अजमावीत होता आणि ज्योतिषी राजलक्षणे शोधीत होता, हे ध्यानी घेतले तर हा विरोध फारसा उरत नाही. प्रस्तुत लेखकाचा कौल वैद्याकडे आहे. अतिदीर्घ व अतिह्रस्व या दोघांनाही चरकाने ‘अष्टौ निंदित’ पुरुषांच्या यादीत शेजारीशेजारी बसविले आहे, याची उंचीच्या उपासकांनी नोंद घ्यावी.

मूर्तिशास्त्रातील नवतालमान (मूर्तीची उंची नऊ ताल धरण्याचे माप) १०८ अंगुळांचेच आहे. त्यात मांडी व पोटरी प्रत्येकी २४ अंगुळांची असते. चरकाच्या मर्त्य मानवाहून प्रत्येकी सहा अंगुळे अधिक. देवांचे पाय टाकीने लांब करण्याची ही तजवीज शिल्पकारांनी केव्हाच करून ठेवली होती, आणि दगडाला कळा येत नसल्याने तिच्याविरुद्ध तक्रार झाली नाही. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप (दप्तराचा प्रमुख) हेमाद्री याच्या चतुर्वर्गचिंतामणीतील व्रतखंडात देवतांच्या रूपांची विपुल वर्णने आली आहेत, आणि अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीकाही त्याचीच. मूर्तीचे मान आणि देहाचे शास्त्र असे एकाच दप्तरात नांदत होते.

हुलिया. देवगिरीवर १२९६ मध्ये चालून आलेल्या अलाउद्दीन खलजीने सुलतान झाल्यावर सैनिकांचा हुलिया, म्हणजे चेहरेपट्टी, नोंदविण्याचा शिरस्ता पाडला. हेतू माणूस ओळखण्याचा होता, उंचीने पारखण्याचा नव्हे. किमान उंचीची अट हा पुढे आलेल्या कवायती फौजांचा वारसा.

मानवमिती. इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातील विविध जातिजमातींची शरीरमापे घेऊन केलेला अभ्यास डेक्कन कॉलेजने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला.

शस्त्रक्रिया. इटलीतील बोलोन्याचा शल्यचिकित्सक कोदिविल्ला याने १९०५ मध्ये हाड छेदून व ओढून पाय लांब केल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. पण एकदम ओढ दिल्याने नसा व कातडी यांना इजा होई. सायबेरियातील कुर्गानचा गव्रील इलिझारोव्ह (१९२१–१९९२) याने १९५० नंतर पायाभोवती कडी बसवून, ताणलेल्या तारा हाडातून आरपार नेण्याची रचना सिद्ध केली, आणि मंद व अखंड ताणाखाली हाडाबरोबर स्नायू, नसा व रक्तवाहिन्याही वाढतात हे दाखविले. हाड छेदल्यावर पाच ते सात दिवस थांबून मग रोज एक मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटरच्या चार हप्त्यांनी, असा क्रम सामान्यतः पाळतात. वेग वाढल्यास नवे हाड धरत नाही, कमी पडल्यास ते वेळेआधीच जुळून बसते. सहा सेंटिमीटरांना ताणण्याचेच दोन महिने लागतात, आणि हाड पक्के होण्यास त्याहून पुष्कळ अधिक. तारांच्या छिद्रांतून पू होणे, टाच वर ओढली जाणे, गुडघा आखडणे, नस दुखावणे, हाड न जुळणे ही विघ्ने तज्ज्ञाच्या हातूनही घडतात. हाडाच्या पोकळीत बसणारी, बाहेरून चुंबकाने लांबणारी सळई पुढे आली. तिने छिद्रे टळली, बाकीची जोखीम टळली नाही. महाराष्ट्रात अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी हे इलिझारोव्हच्या पद्धतीचे जाणकार म्हणून ओळखले जातात.

आता मूळ मुद्दा. १६० सेंटिमीटर उंचीच्या, चरकाच्या मापाने सम असलेल्या पुरुषाचे अंगुळ सुमारे १.९ सेंटिमीटर भरते. त्याच्या पोटऱ्या सहा सेंटिमीटरांनी वाढविल्या की त्या १८ वरून सुमारे २१ अंगुळांच्या होतात, मांडी १८ वरच राहते, उंची ८७ होते आणि बाहूंचा विस्तार ८४ वर थांबतो. बोट तेच राहते. सरकारी पट्टीचे समाधान होते, स्वतःच्या बोटाचे होत नाही.

वाद. हैदराबाद येथे २०१६ मध्ये एका निरोगी तरुणाने घरच्यांस न सांगता ही शस्त्रक्रिया करवून घेतल्याचे प्रकरण गाजले. तेलंगणाच्या वैद्यक परिषदेने शल्यचिकित्सकास दोन वर्षे व्यवसायबंदीची शिक्षा ठोठावली.

तलवाडा. सरकारी पट्टीशी गाठ कोठे पडते याचे उदाहरण म्हणून बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील हे गाव, त्वरितादेवीचे स्थान. या कोरडवाहू व ऊसतोडीच्या मुलखात उंचीचा प्रश्न शल्यगृहातून येत नाही, पोलीस भरतीच्या मैदानातून येतो. पहाटे रस्त्याने धावणाऱ्या उमेदवाराची शर्यत सरावाने सुधारते, गोळाफेक सुधारते. एक सेंटिमीटर उणा पडला तर मात्र त्याला उपाय नाही. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांस किमान १६५ व स्त्रियांस १५५ सेंटिमीटर उंची लागते. मोजणी अनवाणी होते.