शून्याचा मानकरी

मुळशी तालुक्याच्या सीमेवरील म्हाळुंगे-बालेवाडीच्या मैदानावरून फुटबॉलचा सामना पाहून परतणाऱ्या पुणेकरास विचारून पाहावें. गोल कोणीं केला हें तो चटकन् सांगेल. कोणीं अडविला, हें सांगण्यास त्याला क्षणभर थांबावें लागेल. इतिहासही बहुधा असाच वागतो. म्हणून आज गोंव्याच्या एका अडविणाऱ्याविषयीं बोलावयाचें आहे.

ब्रह्मानंद शंखवाळकर यांचा जन्म १९५४ सालीं पणजीजवळच्या ताळगांवचा. त्या वेळीं गोंव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. फुटबॉल त्यांनींच तेथें आणला असा आपला समज असतो. वस्तुतः त्याची सुरुवात १८८३ सालीं शिवोलीस लायन्स नांवाच्या एका पाद्र्यानें केली असें मानितात. १९६१ सालीं परकी सत्ता गेली, खेळ राहिला. पुढें खाणमालकांनीं क्लब पोसले आणि गोंवेकर तरुणास चेंडूवर पोट भरतां येऊं लागलें. वास्कोचा साळगांवकर क्लब त्यांतलाच. शंखवाळकरांचें नांव झालें तें तेथें.

१९८२-८३ च्या संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यांत गोंवा आणि बंगाल कलकत्त्यास समोरासमोर आले. गोल झाला नाहीं. सामना पुन्हा खेळविला. तेव्हांही झाला नाहीं, आणि करंडक दोघांत वांटून द्यावा लागला. पुढल्या वर्षीं मद्रासला गोंव्यानें पंजाबला एका गोलानें हरवून तो एकट्यानें जिंकला, आणि त्या साऱ्या स्पर्धेंत शंखवाळकरांच्या पाठीमागील जाळ्यांत एकदांही चेंडू गेला नाहीं. वृत्तपत्राच्या कोष्टकांत या पराक्रमाची खूण काय, तर एक शून्य! किती वेळां समोरच्याच्या पायांत अंग झोंकून द्यावें लागलें, आपल्याच गड्यांना किती ओरडून सावध करावें लागलें, हें त्या शून्यांत दिसत नाहीं.

१९८३ ते १९८६ ते भारताचे कर्णधार होते. गोलरक्षकाकडे नेतृत्व देणें मला तरी योग्यच वाटतें. सारें मैदान समोर दिसतें असा गडी तोच एक. अर्जुन पुरस्कार मात्र त्यांना १९९७ सालीं मिळाला आणि पद्मश्री २०२२ सालीं, म्हणजे वयाला ६७ वर्षें झाल्यावर.

खेळणें थांबल्यावर त्यांनीं गोलरक्षकांना शिकविण्याचें काम पत्करलें. राष्ट्रीय संघाच्या गोलरक्षकांनाही त्यांनीं शिकविलें. हें शिक्षण निराळें असतें. दहा गडी एकत्र धांवत असतां अकरावा बाजूला आपल्या गुरूपाशीं उभा असतो. तीच उडी, तीच पकड, शंभर वेळां. त्यांत १९९२ सालीं नियम पालटला, आणि सहकाऱ्यानें पायानें मुद्दाम मागें दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातीं धरणें बंद झालें. ज्या पिढीनें आयुष्यभर हातांची साधना केली होती, तिला आतां शिष्यांना पायांचेंही शिक्षण देणें भाग पडलें.