कारखान्याची नोंदवही

लंडनमधील एका फौजदारी न्यायालयात १८९८ साली एक विलक्षण खटला चालला. आरोपीच्या जागी होती आगकाड्या तयार करणारी ब्रायंट अँड मे ही प्रख्यात कंपनी. कारखान्यातील १७ माणसांच्या दुखण्याची वर्दी तिने सरकारास दिली नाही, असा तिच्यावर आरोप होता. त्या सतरांपैकी ६ जण दगावले होते.

दुखणे मोठे भयंकर होते. त्या काळी आगकाडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस घालीत. त्याची वाफ किडक्या दातावाटे जबड्यात शिरे. प्रथम दाढ ठणके, मग हिरड्या सुजत, पू वाहू लागे आणि अखेर जबड्याचे हाड कुजून सुटे. दुर्गंधी अशी, की रोग्याजवळ बसणे घरच्यांनाही कठीण जाई. व्हिएन्नातील लोरिन्सर नावाच्या वैद्याने १८४५ सालीच ह्या रोगाचे वर्णन करून ठेवले होते. अर्थात रोग अज्ञात नव्हता. अज्ञात होती ती रोग्यांची संख्या.

अपघात मात्र मोजले जाऊ लागले होते. इंग्लंडच्या १८४४ च्या कायद्यान्वये, इजा झालेला कामकरी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत कामावर परतू शकला नाही, तर मालकाने चोवीस तासांत सरकारमान्य शल्यवैद्याकडे लेखी वर्दी धाडावी, असे ठरले. शल्यवैद्याने चौकशी करून निरीक्षकास कळवावयाचे. यंत्रात सापडलेला हात सर्वांना दिसतो; त्याची वेळ सांगता येते, साक्षीदार मिळतात. विषाचे तसे नाही. ते महिनोन्‌महिने अंगात भिनत राहते. आजारी कामकरीण नोकरी सोडून घरी जाते, घरीच खंगते आणि तिचा मृत्यू हा तिच्या कुटुंबापुरता दैवाचा घाला ठरतो. कारखान्याचे दफ्तर कोरेच राहते.

ह्याच कंपनीतील मुलींनी १८८८ साली संप केला. पुढे हिंदुस्थानात होमरूलची चळवळ उभारणाऱ्या ॲनी बेझंट बाईंनी त्यांची कैफियत जगापुढे मांडली होती. जेवणासाठी निराळी खोली मिळावी, हीही मुलींची एक मागणी होती. कारण भाकरीबरोबर विषही पोटात जाई. संप यशस्वी झाला, तरी पांढरा फॉस्फरस कारखान्यातून गेला नाही.

मग १८९५ चा कायदा आला. प्रत्येक कारखान्यात अपघातांची नोंदवही ठेवणे त्याने आवश्यक केले. शिसे, फॉस्फरस व सोमल ह्यांची विषबाधा आणि अँथ्रॅक्स हे चार रोगही वर्दीस पात्र ठरले. महत्त्वाची गोष्ट ही, की ही जबाबदारी एकट्या मालकावर टाकलेली नव्हती. रोग्यास तपासणाऱ्या डॉक्टरानेही स्वतंत्रपणे कळवावयाचे होते. दोन कागद एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागले आणि मौन हाच गुन्हा ठरला.

न्यायालयाने दंड व खर्च मिळून सुमारे २५ पौंड बसविले. म्हणजे माणशी दीड पौंड! कंपनीला ही रक्कम नगण्य होती. परंतु सतरा हा आकडा आता सरकारी दफ्तरात चढला होता, वृत्तपत्रांत छापला गेला होता. तो पुसणे कोणाच्या हाती उरले नव्हते. रसायनज्ञ थॉर्प, वैद्य ऑलिव्हर व दंतवैद्य कनिंगहॅम ह्यांचा अहवाल १८९९ साली प्रसिद्ध झाला. निरुपद्रवी असे फॉस्फरसचे संयुग फ्रेंच रसायनज्ञांनी सिद्ध केलेच होते. बर्न येथे १९०६ साली राष्ट्रांचा करार झाला, १९१० पासून इंग्लंडात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांस बंदी आली, आणि हिंदुस्थानात १९१३ साली तसाच कायदा झाला.

स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही व्यवस्थापक व डॉक्टर दोघांवर रोग कळविण्याची जबाबदारी होती, आणि रोगांच्या यादीत शिसे व फॉस्फरस होतेच. अशा वहीतील एक ओळ लिहिण्यास कारकुनाला क्षणभर पुरतो. त्या ओळीने गेलेला जबडा परत येत नाही. परंतु जी ओळ लिहिली जात नाही, तिच्यामागून त्याच बाकावर दुसरी मुलगी येऊन बसते, आणि तिला सावध करणारे कोणी नसते.