दोन चिठ्ठ्या आणि एक अंगठा

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मिठबावला एका नातलगांच्या घरून बोलावणं आलं. अंथरुणाला खिळलेले चाचा घर आणि हापूसची कलमं धाकट्या मुलाच्या नावे करत होते. बक्षीसपत्र मराठीत, चाचांना वाचता येई ती फक्त उर्दू. मी ते वाचून, समजावून द्यायचं आणि साक्षीदार म्हणून सही करायची. वाचत असताना चाचांनी मधेच विचारलं, “बेटी, मुलींचा हिस्सा कुठं आलाय यात?” कोणीच बोललं नाही. मी सही न करता उठले.

तेव्हापासून १७४९ सालचा सातारा माझ्या डोक्यातून जात नाही.

छत्रपती शाहू ६७ वर्षांचे, आजारी, पोटी मुलगा नाही. रामराजा आपला नातू आहे, त्याला गादीवर घ्या, असं ताराबाई सांगत होत्या. राणी सकवारबाईंना तो नको होता. पेशवे नानासाहेब फौजेसह साताऱ्यात. ग्रँट डफ लिहितो की सकवारबाई महाराजांजवळून हलत नसत आणि पेशव्यांनी एकांत साधून कारभाराचा अधिकार लिहून घेतला. डफच्या साऱ्या कथा मी डोळे मिटून मानत नाही. राज्याचा कारभार पेशव्यांनी चालवावा, अशा आशयाच्या दोन चिठ्ठ्या महाराजांच्याच हातच्या मानल्या जातात. पण अक्षर त्यांचं असलं, तरी मर्जी कोणाची? डिसेंबरात महाराज वारले, सकवारबाई सती गेल्या. पुढच्याच वर्षी ताराबाईंनी रामराजाला कैद केलं आणि तो आपला नातू नव्हेच, असंही सांगून टाकलं! खाटेभोवती जमलेल्यांपैकी खरं कोण बोलत होतं?

आपल्या फिकहनं या खाटेचा विचार फार आधी केला आहे. ज्या दुखण्यात मरणाची धास्ती असते आणि त्यातच माणूस जातो, ते मर्ज-उल-मौत. त्यात दिलेला हिबा वसियतीसारखा धरतात: बाहेरच्याला एक तृतीयांशापर्यंतच, आणि वारसाला द्यायचं तर बाकी वारसांची संमती हवी. ताबा दिला नसेल, तर हिबा पुराच होत नाही. इंग्रजी अमलातल्या कोर्टांनीही हे मानलं. शिवाय १८७२ च्या करार कायद्याचं कलम १६ आहेच: वय, आजार, मानसिक त्रास यांनी खचलेल्या माणसावर वर्चस्व वापरून करून घेतलेला करार रद्द होऊ शकतो. आपल्याकडे मात्र बहिणीनं हिस्सा मागितला की तिचं माहेर तुटतं. त्यामुळे ही कलमं वाचायची वेळच येत नाही.

चाचांचा अंगठा नंतर दुसऱ्या साक्षीदारांसमोर घेतला. दोन महिन्यांनी, त्याच दुखण्यात, ते अल्लाहला प्यारे झाले. मुलींनी दावा लावला आहे. त्या दिवशीचा चाचांचा प्रश्न कोर्टात सांगशील का, असं थोरलीनं विचारलं. मी हो म्हटलं. यंदा ईदला त्या घरून शीरखुर्मा आला नाही.